रावसाहेबांच्या कोटाची उजवी बाही

माप घेताना शिंप्याने बोलत राहायचं असतं. गिऱ्हाईक गप्प उभं राहिलं की पोट आत ओढून धरतं, आणि कपडा त्या ओढलेल्या पोटाचा शिवला जातो. हे मला वडिलांनी शिकवलं. मी एरवी कमी बोलणारा, पण हातात टेप आली की जीभ सैल सोडायचो. रावसाहेबांच्या नावाने मी वीस वर्षं दातओठ खात आलो आहे, आणि तो माणूस त्याच लायकीचा होता. पण आधी माझी जीभ आणि मग रावसाहेब, हा क्रम आजवर कुणाला सांगितला नाही.

मिठाच्या सत्याग्रहाला तीन-चार वर्षं झाली असतील. दिल्लीला आशियातल्या देशांचे सामने भरणार होते. धावणं, उड्या, हॉकी, पोहणं, सगळं एका ठिकाणी. आपल्या देशात असलं काही पहिल्यांदाच होत होतं. दिल्लीत बड्या लोकांची मुख्य समिती, तिच्या हाताखाली प्रांताची, आणि त्या खाली आमच्या नाशकातली चौघांची. वकिली करणारे रावसाहेब अध्यक्ष. बाकी एक हेडमास्तर, एक किराण्याचे व्यापारी आणि एक डॉक्टर. जिल्ह्यातून खेळाडू निवडायचे आणि सामन्यांच्या वेळी दिल्लीत मैदानावर मिरवायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर सोडले तर यांतला कुणी कधी धावलेला मी पाहिला नाही. रावसाहेब तर कारंज्यावरच्या घरून दहा मिनिटांच्या वाटेवरच्या कोर्टातसुद्धा टांग्याने जात.

चौघांना दिल्लीसाठी एकसारखे गडद निळे कोट हवे होते. काम आमच्या दुकानात आलं.

माझा धाकटा भाऊ धावायचा. पहाटे पांडवलेण्यांपर्यंत धावत जायचा, धावत यायचा आणि अंघोळ करून मशीनवर बसायचा. लांब पल्ल्याच्या चाचणीत तो पहिला आला, रावसाहेबांचा भाचा दुसरा. जिल्ह्यातून एकालाच पुढे पाठवणार होते. भावाचं नाव जाहीर व्हायचं तेवढं राहिलं होतं, तेवढ्यात रावसाहेब माप द्यायला आले.

"काय मास्तर, भाऊ फार जोरात आहे म्हणे?"

"आपली कृपा."

"आमच्या भाच्यानेही कॉलेजात कप मिळवलाय. चांदीचा. हा एवढा." तो एवढा कप दाखवायला त्यांनी हात पसरले आणि माझी टेप निसटली.

मला झोंबलं. "कपाचं काय घेऊन बसलात, रावसाहेब! वणीच्या जत्रेत गड चढायची शर्यत लागली होती. तिथे आमच्या पठ्ठ्याला रोख इनाम मिळालं. रोख!"

"असं? रोख?"

"कोऱ्या करकरीत नोटा."

त्यांचं ओढून धरलेलं पोट एकदम सैल सुटलं. मला वाटलं, चला, माप बरोबर मिळालं.

नोटाबिटा काही नव्हत्या. एक नारळ आणि एक फेटा, तोही पहिल्या धुण्यात रंग सोडलेला.

नियम असा होता, की ज्याने धावण्याचे पैसे घेतले तो धंदेवाईक, आणि धंदेवाईकाला या सामन्यांत जागा नाही. मला हे कुठून ठाऊक असणार? भावाला समितीने बोलावून घेतलं. घरी आला तेव्हा तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"दादा, मला धंदेवाईक म्हणाले."

आमच्या आळीत हा शब्द फक्त एका तऱ्हेच्या बायकांसाठी वापरत. आई निवडायचे तांदूळ तसेच ठेवून आत गेली.

"पैशाचं त्यांना सांगितलं कुणी?" भाऊ म्हणाला. "जो कोण असेल त्याचे दात पाडीन मी."

मी सुईत दोरा ओवत होतो. ओवतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांच्या घरी गेलो. म्हणालो, मी फुशारकी मारली, पैसे मिळाले नव्हते.

"म्हणजे त्या दिवशी खोटं बोललात?"

"हो."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

बाजूला बसलेले अशील हसले. रावसाहेबांनी पानाचा चुना बोटाने पुसला. "मास्तर, तुम्ही टाके घाला. निवड आम्ही करू." मी जिन्याशी पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारली. मला वाटलं, विरघळले. "आणि हो, कोट खांद्यात भारदस्त बसला पाहिजे हं. दिल्लीत फोटो निघणार आहेत."

भाच्याचं नाव पुढे गेलं.

त्या जिन्यावर मी ठरवलं, की या माणसाला त्याच्याच कोटात सगळ्या हिंदुस्थानापुढे उघडा पाडायचा. कच्चा टाका म्हणजे कपडा जागेवर राहावा म्हणून घातलेला लांब, ढिला टाका. पक्की शिवण घातली की तो काढून टाकायचा. रावसाहेबांच्या उजव्या बाहीला मी खांद्यापाशी पक्की शिवण घातलीच नाही. आतून अस्तराने झाकलं, इस्त्री फिरवली. सामन्यांच्या पहिल्या दिवशी समित्यांची माणसं बड्या पाहुण्यांच्या मंडपासमोरून जाताना उजवा हात उंच करून सलामी देणार होती. हेडमास्तरांनी ते दुकानातच करून दाखवलं होतं, दाखवताना त्यांची टोपी पडली. त्या आठवड्यात मी पोटभर जेवलो. मशीन चालवताना शीळ घालायचो. बायको म्हणाली, भावावर असा प्रसंग आणि तुम्हाला शिट्या कसल्या सुचतात?

डॉक्टरांचा कोट मात्र मी जीव ओतून शिवला. समितीच्या बैठकीत भावासाठी ते एकटे भांडले होते. पुढे ते स्वतः वणीला गेले, शर्यत लावणाऱ्यांना भेटले आणि नारळ-फेट्याची खात्री करून आले.

"निवड आता फिरायची नाही," ते भावाला म्हणाले. "पण सामन्यांच्या पहिल्या संध्याकाळी मुख्य समितीकडे आम्हाला जेवण आहे. तिथे मी बड्यांच्या तोंडावर हे सांगतो. तुझ्यावरचा हा शिक्का पुसला गेला की पुढच्या सामन्यांना तुला कुणी अडवणार नाही. विलायतेच्यासुद्धा."

"पण डॉक्टर, पैशाची थाप मारली कुणी?"

"ते विचारू नकोस. तू धावत राहा." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

कोट मी आधी दिलेच नाहीत. काजं राहिली, बटणं राहिली असं सांगत गाडीच्या वेळेपर्यंत नेलं, म्हणजे कुणी हात वर करून बघणार नाही. नाशिक रोडच्या फलाटावर चौघांनी ते अंगात चढवले. रावसाहेब छाती काढून इकडेतिकडे फिरले आणि डॉक्टरांसमोर थांबले. दोघे अंगाने एकाच मापाचे.

"डॉक्टर, तुमचा खांदा कसा बसलाय बघा! माझ्या खांद्याला ती ऐट नाही. द्या इकडे तो. मी अध्यक्ष, पुढे मी राहणार."

डॉक्टर हसले. "घ्या की. माझे रोगी काही खांद्याकडे बघत नाहीत." आणि त्यांनी रावसाहेबांचा कोट घातला.

मला एवढंच म्हणायचं होतं, की डॉक्टर, तो घालू नका. पण का, असं कुणीतरी विचारलंच असतं. भाऊ तिथेच होता, डॉक्टरांची वळकटी डब्यात चढवत होता. कोटाचं निघालं असतं, मग रावसाहेबांवर माझा एवढा दात का ते निघालं असतं, मग ती कोऱ्या नोटांची गोष्ट. मी हातातल्या कापडाची घडी घालत उभा राहिलो. घंटा झाली. गाडी हलली तेव्हा डॉक्टर खिडकीतून भावाला ओरडून म्हणाले, "काळजी करू नकोस रे!"

दिल्लीहून परतल्यावर डॉक्टर दुकानात आले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोट. भाऊ नेमका सूत आणायला गेला होता.

"मास्तर, तुमची बाही एकटीच दिल्ली बघायला निघाली होती," ते म्हणाले. "हात वर केला आणि ती कोपरापर्यंत खाली. मंडपातले साहेब, राजेरजवाडे, सगळे खो खो हसले. तिसऱ्याच कुणाची फजिती झाली असती तर मीही हसलो असतो."

"मग?"

"मग काय! रावसाहेब म्हणाले, जिल्ह्याची लाज घालवलीत, आता तंबूतच बसा. संध्याकाळी जेवणाला कोटाशिवाय आत घेईनात. रावसाहेब म्हणाले, मी बोलतो तुमच्या वतीने. बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणे विषयच निघाला नाही. दात कोरत होते."

बोलता बोलता त्यांनी बाही उलटी केली, खांद्यापाशी बोट फिरवलं. ते लांब टाके समजायला शिंपी असावं लागत नाही.

"हा कोट रावसाहेबांचा होता, नाही का?"

मी मान खाली घातली.

"अस्सं," ते म्हणाले. त्यांनी कोटाची घडी घातली. मग फळीवर ठेवला, चपला घातल्या आणि गेले. कुणाला बोलले नाहीत. आमच्या दुकानात पुन्हा आले नाहीत.

भाऊ सूत घेऊन आला. "डॉक्टर येऊन गेले म्हणे? काय झालं?"

"रावसाहेबांनी विषय काढू दिला नाही."

"म्हणजे पुन्हा त्यांनीच?"

"त्यांनीच."

त्यात खोटं काय होतं? असं मी स्वतःला इतकी वर्षं विचारत आलो. भावाने धावणं सोडलं. पहाटेचा तो अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायचा, मला दिसायचं. त्याच्या सगळ्या रागाला मी रावसाहेबांचं घर दाखवून दिलं होतं. त्यांच्या नावाने तो थुंकायचा तेव्हा मला बरं वाटायचं. त्यांचा दिल्लीचा फोटो क्लबात लागला, डॉक्टरांच्या कोटातला, खांदा असा सुरेख बसलेला, की लोक विचारायचे शिवला कुणी. त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा उजवा हात गेला असं कळलं. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून गंगेवर, गोदेच्या घाटावर, फिरायला गेलो. मला आनंद झाला होता. आजही होतो.

गेल्या महिन्यात ते वारले. भाऊ पेढे आणायला निघाला. लोक काय म्हणतील, असं बायको म्हणाली. पेढ्यांचे पैसे मीच दिले. आम्ही दोघे म्हातारे होत आलेले भाऊ दुकानाच्या फळीवर बसून पेढे खात होतो.

"एक गेला, दादा," तो म्हणाला. "आता पैशाची थाप मारणारा तेवढा राहिला. तो कोण ते कळलं ना, तर अजून दात पाडीन. म्हातारा असला तरी पाडीन."

मी "हो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी हे लिहायला बसलो. लिहून झालं की पहिल्यांदा त्यालाच वाचायला देणार आहे.