आण्णांनी ईजीआर बंद करू दिला नाही

बॉनेट उघडं होतं. पत्र्याची प्लेट कापून माझ्या हातात तयार होती. बोल्ट आवळले की काम संपलं.

गाडी हुपरीच्या शिवगोंडा आण्णांची, डिझेल जीप. आण्णा चांदीचे पैंजण बनवायचे. जोतिबाचा घाट चढताना गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते, ही त्यांची तक्रार. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडाच अडकला होता. ईजीआर म्हणजे बाहेर निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. दोन हजार सालानंतर अशा गाड्या गॅरेजला यायला लागल्या. आम्हा मिस्त्री लोकांचा इलाज ठरलेला, मध्ये प्लेट टाकायची आणि धुराची वाट बंद.

"कंपनीनं उगंच बसवलंय व्हय हे?" आण्णांनी विचारलं.

"उगंच न्हाय. त्यानं आतली उष्णता उतरती. न्हायतर विषारी वायू जास्त हुतोय. तुमच्यात चांदी शुद्ध करताना अ‍ॅसिडमधनं तांबूस धूर निघतोय की, त्याच जातीचा."

आण्णा म्हणाले, "मिस्त्री, आमच्या वडलांची, अप्पांची छाती त्याच धुरानं गेली. शेवटी उंबरा ओलांडायचा म्हटलं तरी दम लागायचा. ठेवा ती प्लेट बाजूला."

"आण्णा, साफ केला तरी परत तुंबणार."

"मग का तुंबतोय ते बघा की!"

मला राग आला. तरी व्हॉल्व्ह खोलला, काजळी खरवडली, धुऊन परत बसवला. गाडी ओढायला लागली, पण धूर पुरता जाईना. आता 'का' शोधणं भागच होतं. इंजेक्टर, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारे भाग, काढून तपासायला नेले. त्यातला एक फवारा मारायचा सोडून ठिबकत होता. काजळी तिथूनच येत होती.

तपासणारा म्हणाला, "वेळेत आणलासा. असाच चालवला असता तर पिस्टनला भोक पडलं असतं."

प्लेट टाकली असती तर धूर कमी झाला असता. मी खूश, आण्णा खूश. आणि एखाद्या रविवारी आण्णा बायकापोरांना घेऊन जाताना इंजिन भर घाटात जाम झालं असतं.

इंजेक्टर बदलला, धूर गेला. आण्णांना सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं की मग. चहा सांगा."

आण्णांचे उपकार मी आजही मानतो. त्यानंतर कारण कळल्याशिवाय मी कुठलाच भाग बंद केला नाही. आणि गिऱ्हाईक 'का' म्हणालं की चिडत नाही. निदान तोंडावर तरी.