घरच्यासारखं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या थोरल्या भावानं मला निपाणीत नोकरीला चिकटवलं त्यालाही नाही. तुमची-माझी ओळख नाही — म्हणून कदाचित जमेल.

‘आपण सगळे एका घरातले’ हे वाक्य ऐकलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या तंबाखूच्या वखारीचे मालक ते उठता-बसता म्हणायचे. कसलं घर? दिवसभर तंबाखू चाळून बायकांचे डोळे लाल व्हायचे, आणि सुट्टी झाली की त्या फाटकापाशी रांगेत उभ्या राहायच्या — झडतीला. पदराखाली कुणी तंबाखू नेते का, हे बघायला एक गडी ठेवलेला. बाई नव्हे, गडी. तो हातानं चाचपायचा. मी तिथला क्लार्क. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. कुणीतरी निनावी अर्ज केला, म्हणून बेंगळूरहून कामगार खात्याचे एक साहेब आले. वखारीत माणसांना कसं वागवतात, हे त्यांना कामगारांच्याच तोंडून ऐकायचं होतं. साहेबांना मराठी येत नव्हती. दुभाषा म्हणून मालकांनी मला बसवलं. माझी शाळा कन्नडमधून झालेली. त्या सकाळी मालक मला एवढंच म्हणाले, “तुला औंदा कायम करायचं म्हणतोय.” — आणखी काय सांगायला हवं होतं?

पहिली आली शेवंताक्का. चाळणीवरची सगळ्यात जुनी बाई. साहेबांनी विचारलं, इथं कसं वागवतात? मी मराठीत सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “घरच्यावानी वागवत्यात. सुनंवर चोरीचा संशय घेत्यात, तसं. पर घरात सुनंला परका गडी चाचपत न्हाय. फाटकावर बाई ठेवा म्हणावं, दुसरं काय मागणं न्हाय.”

मी साहेबांना कन्नडमध्ये सांगितलं — घरच्यासारखं वागवतात, म्हणते.

बस्स. तेवढंच. साहेब खूश झाले, लिहून घेतलं. मागं उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनंही मग वेगळं काही सांगितलं नाही. सगळ्यांनी तेच सांगितलं — घरच्यासारखं. मला वाटलं, सुटलो.

नंतर पाण्याच्या हौदापाशी शेवंताक्कानं मला गाठलं. “येवढं लांब बोलले मी, आन् तू दोन शब्दांत उरकलंस व्हय रं? मला कन्नड बोलाय येत न्हाय. पर समजतं. बाजारात समजतं, हितं बी समजलं. समद्यास्नी समजलं.”

मी हौदापासून तसाच माघारी फिरलो, टेबलाशी जाऊन बसलो.

खोटं कुठं बोललो, शब्द तिचेच होते — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. मालकांवर चिडायचो, साहेबांवर चिडायचो. पण मालकांना दोन्ही भाषा येत होत्या. तरी त्यांना त्या दिवशी माझी जीभ लागली, आणि मी ती दिली. भ्याडपणानं दिली. फाटकावर बाई आली असती. एका वाक्याचा प्रश्न होता.

दिवाळीला मी कायम झालो. फाटकावर तोच गडी राहिला, रांगेत शेवंताक्का राहिली — तिचे हात चालेनासे झाले तोवर.

मी माझं टेबल फिरवून घेतलं, खिडकीकडं पाठ येईल असं.