भावोजी घरून असतात

माझ्या ताईच्या नवऱ्याला क्रियापदं सोसत नाहीत. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर लोकांची लंगडी वाक्यं उभी करायची आणि संध्याकाळी एक मजला उतरून ताईकडे चहाला गेलं, की स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर भावोजींच्या हातची तसलीच वाक्यं समोर. 'छत्र्या दुरुस्ती.' 'पाण्याचा फिल्टर बुधवार.' 'मी ऑफिस.' म्हणजे भावोजी माणूस नव्हेत, चार मजली इमारत आहेत.

"भावोजी, 'आहे' नाहीतर 'जाणार' एवढं लिहायला काय होतं हो?"

"जागा जाते," ते म्हणतात. "आणि समजतं की सगळ्यांना."

मला या माणसाचा राग येतो तो असा. लोभही आहे, पण तो मी चारचौघांत दाखवत नाही.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत वेळापत्रकं बनवतात. बेचाळीस मेकॅनिक, सहाशेच्या वर लिफ्ट. कोणी कधी कुठे जायचं, कोणाची सुट्टी, कोणाचा गुडघा दुखतो म्हणून त्याला जिने कमी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. लिफ्टमध्ये कोणी अडकल्याचा फोन आला, की दुसऱ्या मिनिटाला जवळचा मेकॅनिक निघालेला असतो. तिथे भावोजींचा हात धरणारं कोणी नाही. घरचं वेळापत्रक मात्र विचारू नका.

पूर्वी त्यांचं ऑफिसात खिडकीजवळ स्वतःचं टेबल होतं. मग कंपनीने ठरवलं, सोमवार, मंगळवार, गुरुवार ऑफिस आणि बुधवार, शुक्रवार घरून. टेबलं कमी केली. आता आदल्या दिवशी फोनवर खुर्ची राखून ठेवायची, आणि भावोजींना दर वेळी मिळते ती प्रिंटरशेजारची. म्हणून ते उशी, कप आणि लेकीचा फोटो पिशवीत घालून नेतात, सकाळी बिऱ्हाड मांडतात, संध्याकाळी गुंडाळतात. घरी त्यांचं टेबल म्हणजे बेडरूममधलं इस्त्रीचं टेबल. त्यामुळे बुधवारी इस्त्री बंद आणि गुरुवारी ताई चुरगळलेल्या कपड्यांत कामावर. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. लोकांना बारीकातली बारीक अक्षरं वाचायला लावते, हे पुढच्या घोळासाठी लक्षात ठेवा.

इस्त्रीच्या टेबलामागे कपाट आणि कपाटावर लाल रंगाची मोठी बॅग, मुठीला पिवळी फीत बांधलेली. भावोजींनी ती तीन वर्षांपूर्वी सहलीसाठी घेतली. तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. एकदा वर्षअखेरची तपासणी आली, एकदा दोन मेकॅनिक एकदम आजारी पडले, आणि तिसऱ्यांदा आड आली ती मीटिंग त्या तारखेला भावोजींनी स्वतःच ठेवली होती. कॅमेऱ्यात ती बॅग कायम त्यांच्या डोक्यावर दिसते. मीटिंगमधले लोक विचारतात, "काय, निघालात का कुठे?" भावोजी म्हणतात, "लवकरच."

त्यांची एकुलती एक लेक ठकी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. तान्ही असताना डोळे मिटायची नाही, लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत बसायची, म्हणून ठकी. आता वीस वर्षांची आहे आणि दूरच्या शहरात रंगमंचावरची प्रकाशयोजना शिकते. जलद गाडीने सहा तास.

ती पहिल्यांदा निघाली तो दिवस मी विसरलेले नाही. शुक्रवार होता. मी आणि ताई तिच्या पिशव्या दारात आणून ठेवत होतो. आतल्या खोलीत भावोजी कानाला हेडफोन लावून इस्त्रीच्या टेबलाशी उभे. ठकी दारातून डोकावली. भावोजींनी एका हाताने टाटा केला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. दोनाची सात झाली. ठकी निघाली.

जिन्यात ती रडली नाही, चिडलीही नाही. पत्ता सांगावा तशी म्हणाली, "मावशी, बाबा हल्ली घरी नसतात. घरून असतात."

माझा जन्म दुसऱ्यांच्या वाक्यांत चुका काढण्यात गेला. या वाक्यात मला एकही काढता आली नाही. संध्याकाळी मी ते जसंच्या तसं भावोजींना ऐकवलं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले. वाईट वाटलं मला, पण सांगितल्याचा पश्चात्ताप झाला नाही.

वर्षभराने ठकीचा फोन आला. एका नाटकाचा प्रकाश पहिल्यांदाच सगळा तिच्या एकटीच्या हातात होता. एकच प्रयोग, शुक्रवारी संध्याकाळी सात. "तुम्ही तिघं या," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "नाही आलात तरी चालेल."

ते शेवटचं ऐकून भावोजींनी ताईच्या हातातून फोन घेतला. "येणार. नक्की."

फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं गेलं, 'ठकी शुक्रवार ७.' पण सुट्टी काही टाकली नाही. शुक्रवारी अकरा वाजता पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक विभागप्रमुख बाईंपुढे मांडायचं होतं. "शुक्रवार घरूनच तर आहे," भावोजी म्हणाले. "सकाळच्या गाडीत बसायचं, गाडीतून मांडायचं, तीनला उतरायचं. सुट्टी कशाला खर्ची घालायची?" मी कपाळाला हात लावला.

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'तिकिटं परवा.'

त्यांच्या मनात होतं बुधवारी, घरून असताना काढायची. संध्याकाळी ताईने वाचलं, आणि तिला वाटलं, शनिवारीच काढली. तिला इतकं बरं वाटलं की तिने पुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली. बुधवारी दुपारी दोन मीटिंगच्या मधे भावोजी पाणी प्यायला आले, खूण पाहिली आणि मनात म्हणाले, वा, हिने काढूनसुद्धा टाकली! रात्रीच्या जेवणाला ताई म्हणाली, "तिकिटं बरी मिळाली हो." "मिळणारच," भावोजी कौतुकाने म्हणाले. दोघंही एकमेकांवर खूश. त्यांच्या संसारात एवढं गोड बोलणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी खाली गेले. "ताई, डबा कोणता गं?"

"डबा मी करतेय, तू काही आणू नकोस."

"अगं, गाडीचा डबा! मी बसू कुठे?"

"यांना विचार. तिकिटं यांनी काढलीत."

"मी?" भावोजी म्हणाले. "तू काढलीस ना?"

मी फळ्याकडे पाहिलं. "हे परवा म्हणजे कुठलं परवा? गेलेलं की येणारं?"

"येणारं," भावोजी म्हणाले. "गेलेलं," ताई म्हणाली. दोघं एकाच वेळी.

मला राहवलं नाही. म्हटलं, "या भाषेत परवा दोन दिवस मागेही असतं आणि दोन दिवस पुढेही. त्याचं तोंड कुठे आहे ते फक्त क्रियापद सांगतं. वर्षानुवर्षं ओरडतेय मी..."

"प्रूफबाई, आत्ता नको," ताई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

फोनवर पाहिलं. सकाळची गाडी भरलेली, प्रतीक्षायादी शंभराच्या पुढे. भावोजी स्टुलावर बसले. आमच्या तिघांच्या डोक्यात जे घोळत होतं ते शेवटी तेच बोलले. "ती म्हणाली होती, नाही आलात तरी चालेल. तिला माहीतच होतं."

मला वाटलं, आता हा माणूस खचला. पण ते उठले, ओल्या फडक्याने अख्खा फळा पुसला आणि पेन घेतलं. लिफ्टमध्ये कोणी अडकल्याचा फोन आल्यावर ते कसे दिसत असतील, ते मला तेव्हा कळलं. "मशीन कधी सुरू होईल ते आपण बघत नाही," ते लिहिता लिहिता म्हणाले. "आधी माणूस बाहेर काढायचा." पंधरा मिनिटांत फळा भरला. सहा दहाची पॅसेंजर, जिला आरक्षणच नसतं. पावणेअकराला जंक्शन. अकरा वीसची दुसरी गाडी. तिथून बस. सहा पस्तीसला ठकीचं शहर.

"आणि अकराची मीटिंग?" मी विचारलं.

"जंक्शनवर. वेटिंग रूम."

शुक्रवारी पहाटे ती लाल बॅग एकदाची कपाटावरून उतरली. तीन वर्षं नुसती बसून तिचं एक चाक चिरकायला लागलं होतं. पॅसेंजर वेळेवर निघाली, आम्हाला खिडक्या मिळाल्या, आणि ताईने साडेसातलाच डबा उघडला.

जंक्शनच्या वेटिंग रूममध्ये भावोजींनी बॅग उभी केली, वर लॅपटॉप ठेवला. ताई खिडकीशी फोन उंच धरून उभी राहिली, कारण इंटरनेट तिथेच येत होतं. मी दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करायला. भावोजींनी दहा मिनिटं छान निभावली. मग छतातला भोंगा खणखणला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, अकरा वीसची गाडी प्लॅटफॉर्म क्रमांक चारवर येत आहे..."

लॅपटॉपमधून विभागप्रमुख बाईंचा आवाज आला. "तुम्ही घरून आहात ना?"

या बाईंना भावोजी वचकून असतात. 'हो' म्हटलं असतं तर कदाचित भागलंही असतं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नाही. मी घरून नाही. मी स्टेशनवर आहे. माझ्या मुलीचा आज पहिला प्रयोग आहे, आणि मी तिच्याकडे निघालो आहे."

चार वाक्यं, सगळी सरळ आणि पूर्ण. मी दारात उभी राहून मोजली.

"मग अजून इथे काय करताय?" बाई म्हणाल्या. "ती तुमचीच गाडी ना? तक्ते पाठवून ठेवलेत, मी वाचते. पळा. आणि सुट्टी टाकायची असते हो अशा वेळी. सोमवारी बोलू त्यावर."

आम्ही पळालो. चार नंबर पुलापलीकडे होता. बॅग चिरकत होती, ताई हसत होती, आणि मी छापखान्यातली खुर्ची बारा वर्षांत सोडलेली नसल्यामुळे सगळ्यात मागे होते. गाडी मिळाली. बसही मिळाली. ती मात्र एका पुलावर दहा मिनिटं अडली आणि भावोजींनी खिडकीला नाक लावून पुढच्या ट्रकवाल्याला जे काही म्हटलं, त्यात क्रियापदं भरपूर होती.

नाट्यगृहाच्या दारात पोचलो तेव्हा सातला चार कमी होते. द्वारपालाने हात आडवा केला. "बॅग आत नाही."

भावोजींना त्यांच्याच जातीचा माणूस भेटला. ते हात जोडून म्हणाले, "दादा, ही बॅग तीन वर्षं कुठेच गेली नाही हो. आज तरी जाऊ द्या."

त्याला हसू आलं. आम्ही खुर्च्यांच्या रांगांमधून निघालो. च्यां, च्यां, च्यां. सगळं सभागृह वळून बघतंय. मागे वरच्या बाजूला काचेची एक खोली होती, तिच्यात बटणांच्या टेबलाशी ठकी उभी, कानाला हेडफोन. तिने आवाज ऐकला असेल की पिवळी फीत दिसली असेल कोण जाणे, पण तिने खाली पाहिलं. तिचे डोळे लहानपणी होते तसे झाले. मग तिने एका हाताने टाटा केला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं दाखवली.

भावोजी जागच्या जागी थांबले. त्यांना आठवलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनीही दोन बोटं वर केली. "थांबतो," ते पुटपुटले, एवढ्या लांबून तिला ऐकू जाणार नव्हतं तरी. आणि दिवे गेले.

प्रकाशातलं मला कळत नाही. पण रंगमंचावरच्या एका रिकाम्या स्वयंपाकघरात खिडकीतून जी सकाळ आली, ती आमच्या घरातली होती, फळ्यावर पडते तीच पिवळी तिरीप. मी रडले. ताई तर पहिल्या पाच मिनिटांपासूनच रडत होती.

प्रयोग संपल्यावर ठकी धावत खाली आली. "बाबा, आलात?"

"आलो," भावोजी म्हणाले. मुद्रितशोधकाच्या नजरेने पाहिलं तर ते अख्खं वाक्य होतं.

ठकीला चार दिवस मोकळे होते. शनिवारी ती आमच्याबरोबर घरी आली. परतीची तिकिटं मी काढली, स्वतः, आणि काढल्यावर तिघांना दाखवली. ती बुधवारी परत जाणार होती.

सोमवारी सकाळी मी चहाला खाली उतरले. सोमवार ऑफिसचा, म्हणून भावोजी निघून गेले असतील असं धरून चालले होते. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, ठकी समोर ओट्यावर, आणि दोघं मिळून बॅगेच्या चाकाला तेल घालत होती. उशी, कप आणि फोटोची पिशवी दाराशी नव्हती. बेडरूममध्ये ताई गाणं गुणगुणत इस्त्री करत होती. भावोजींनी सकाळी बाईंना फोन करून सुट्टी घेतली होती.

फळा पुसून कोरा केला होता आणि त्यावर तीन ओळी होत्या.

'ठकी परवा आली. ठकी परवा जाणार आहे. आज मी घरी आहे.'

सवयीने मी लाल पेन काढलं. पण ठकीने आधीच शेवटच्या ओळीपुढे हिरवी खूण करून ठेवली होती, म्हणून मी पेन परत ठेवलं आणि चहा घेतला.