पहिली धार कोणाची

वाचकहो, टोप्या सावरून बसा. पांढरकवड्याच्या इतिहासातला एक अत्यंत गंभीर प्रश्न आज मी आपल्या दरबारात मांडतो आहे. गाय व्याल्यावर पहिल्या धारेवर हक्क कोणाचा? मालकाचा, शेजाऱ्यांचा, की वासराचा?

आमच्या गावात या खटल्याचा निकाल एकच माणूस द्यायचा. ढोरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. ते उजव्या हाताचं बोट आभाळाकडे करायचे आणि म्हणायचे, "आधी बच्चा, मंग बाकी दुनिया."

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी शाळेत नवा मास्तर होतो, आणि दवाखान्यामागच्या गल्लीत आई, मी आणि एक गाय असा आमचा संसार होता. कंपाउंडर गावातल्याच मुसलमान घरातले, वडील नालबंद. उंच, वाळकी अंगकाठी, खाकी कोट आणि कोटाच्या वरच्या खिशात थर्मामीटर. तो एरवी कुठे लावतात हे ठाऊक असल्यामुळे गावातल्या कोणी त्यांच्याकडून स्वतःचा ताप कधी मोजून घेतला नाही.

कोणाची गाय व्याली की खरवसाची वाटी मानाने त्यांच्याकडे जायची. ते वाटीला हात लावत नसत. आधी विचारत, "बच्च्यानं पेलं?" आणणारा घुटमळला की वाटी आल्या पावली परत. आणि घुटमळणारेच जास्त. कारण आमच्याकडची रीतच तशी होती. वासरामागून गायीची वार पडेपर्यंत वासराला थानाला लावायचं नाही, लावलं तर वार आत अडते. वार पडायला कधी दुपार व्हायची, कधी संध्याकाळ. ती पडली की पहिल्या धारेचा दाट चीक पातेल्यात, गूळ-वेलची घालून चुलीवर. दाट चीक वासराला बाधतो, असं वर सांगायचे. माणसाला मात्र तो कधी बाधल्याचं ऐकिवात नाही.

एकदा मी त्यांना वर्गात बोलावलं. ते स्पिरिटचा दिवा आणि तीन काचनळ्या घेऊन आले. एका नळीत रोजचं दूध, दुसरीत चीक, तिसरीत अंड्याचा पांढरा भाग. अंडं पाहून हेडमास्तर व्हरांड्यातूनच मागे फिरले. नळ्या तापवल्या. दूध नुसतं उकळलं, बाकीचे दोन घट्ट बसले.

"पाहा," कंपाउंडर म्हणाले, "साहेबलोक याले प्रोटीन म्हणते. या साऱ्यायचं खानदान एक, धंदा अलग. एक भाऊ अंड्यात बसून पिल्लाची राखण करते, एक गाईच्या पोटात गर्भाची, अन् एक थानात वाट पाहत बसते, का बच्चा बाहेर आला का त्याले सांभाळू."

ही भावकी शास्त्राला कितपत मान्य आहे, मला ठाऊक नाही. पण वासरू रोगाशी लढायची ताकद घेऊन जन्मत नाही, ती आईच्या चिकातून त्याला मिळते, आणि तीही पहिल्या काही तासांतच, हे त्या दिवशी चाळीस पोरांना पाठ झालं. वासरू थानाला लागलं की गर्भाची पिशवी आकसते आणि वार उलट लवकर सुटते, हेही. मी तर तो प्रयोग नंतर तीन वर्गांना करून दाखवला, बोट आभाळाकडे करून. टाळ्या मिळाल्या.

मग आमची गाय व्यायला झाली. कंपाउंडरांना कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या रानातल्या वस्तीवर, ढोरांना फऱ्या रोगाची लस टोचायला चार दिवस जायचं होतं. निघण्याआधी ते सायकल वाकडी करून मुद्दाम आमच्या गोठ्यात आले.

"मास्तर, वार पडायची वाट पाहू नका. तुमच्या घरचं पाहून बाकीचे शिकतीन."

दुसऱ्याच सकाळी गाय व्याली. तांबूस कालवड, कपाळावर रुपयाएवढा चांद. आई म्हणाली, वार पडू दे. मी तीन वर्गांपुढे बोट वर करणारा माणूस, आईपुढे ते काही वर होईना. वार पडली तेव्हा उन्हं कलली होती. आईने चीक काढला. खरवस, खोटं कशाला बोलू, अप्रतिम झाला होता. मी तीन वाट्या खाल्ल्या. कालवडीला पातळ उरलं ते मिळालं.

तिसऱ्या दिवशी तिला हगवण लागली. चौथ्या दिवशी कंपाउंडर आले तेव्हा तिला मान उचलवत नव्हती. त्यांनी औषध पाजलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती गेल्यावर म्हणाले, "मास्तर, पहिली धार कवा देल्ली?"

आणि मी म्हणालो, "लगेच. तुम्ही सांगितलं तसं."

माझा शब्द त्यांनी तपासलाही नाही. मास्तर खोटं कशाला बोलेल? ते सायकल हातात धरून पायीच निघून गेले.

गावाला आयतंच साधन मिळालं. कंपाउंडरांनी बोट वर केलं की लोक म्हणत, मास्तरनं पाजलं, तरी मेलंच ना? हळूहळू ते बोट खाली आलं. खरवसाची वाटी आली तर ते काही न विचारता ठेवून घेऊ लागले. त्या वर्षांत किती वासरं गेली, मी मोजली नाहीत. मोजायची हिंमत नव्हती. सांगेन, उद्या सांगेन, करता करता सहा वर्षं गेली, आणि एक दिवस कंपाउंडर गेले.

आई आणि मी भेटायला गेलो. खुंटीवर खाकी कोट होता, खिशात थर्मामीटर. माणसं बसली होती, आणि मला जे येतं तेच मी केलं. थर्मामीटरची गोष्ट सांगितली, अंडं पाहून पळालेले हेडमास्तर उभे केले. रडणारी माणसं हसली. कंपाउंडरांच्या बायको, आमच्या भाभी, त्याही पदराआडून हसल्या, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तरजी, ते तुमच्या वासराचं लई बोलत. आखरीपर्यंत म्हणत, त्या बच्च्याचं काय चुकलं, मले समजलंच नाही."

मी पुढची गंमत सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारून आई बोलून गेली,

"त्याचं काई नाई चुकलं, बाई. त्याले चीक पाजलाच नव्हता. आमी खाल्ला तो."