हौसामावशींचा माठ

मी आज माझ्या पायांवर उभी आहे, ती ज्यांच्यामुळे, त्यांत पहिलं नाव हौसामावशींचं. आई-बाबांची गोष्ट वेगळी. त्यांनी मला पुण्यापर्यंत आणून सोडलं. पुण्यात टिकवलं ते हौसामावशींनी.

मार्केट यार्डाच्या फुलबाजारापासून थोडं पुढे, बसथांब्याच्या मागे एक सार्वजनिक शौचालय होतं. मावशी त्याच्या बायकांच्या बाजूच्या दाराशी लाकडी स्टुलावर बसायच्या. आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला त्या एकच वाक्य म्हणत, "हात दाखवा." आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर बाई नखं तपासत, अगदी तशा. हात ओले असले की मान डोलवायच्या. कोरडे असले की नळाकडे बोट. एकदा गाडीतून उतरलेल्या एका बाईंना हे फार लागलं. "तुम्ही कोण मला सांगणार?" त्या म्हणाल्या.

"मी कोन न्हाय ओ," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पन आतली कडी सकाळधरनं किती बायकांनी लावलीया, ते मी बगितलंय."

बाई गुपचूप नळाशी गेल्या.

मावशींच्या स्टुलाशेजारी, करंजाच्या झाडाखाली, तिवईवर एक माठ असायचा. वर पितळी झाकण, झाकणावर पेला, आत लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कुणाचा हात पाण्याला लागायला नको. हात धुतलेल्या बाईला त्या विचारायच्या, "पानी घेनार?" मी तिथे जवळजवळ वर्षभर जात होते. बाहेरची कुणी ते पाणी प्यायलेली मी पाहिली नाही.

आता हे सगळं मला पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. सकाळचं कोवळं ऊन, नुकती धुतलेली फरशी, त्या फरशीत उतरलेलं आभाळ, आणि त्या आभाळात चपला हातात घेऊन उभ्या मावशी. फुलबाजारात उरलेली शेवंती त्या आणत आणि खिडकीच्या गजांत खोचत. फिनेलचा आणि शेवंतीचा वास एकमेकांत मिसळून जायचा. अजून कुठे शेवंती दिसली की मला आधी फिनेल आठवतं, आणि आश्चर्य म्हणजे बरं वाटतं.

मी मूळची राज्याच्या पूर्वेकडची, भाताच्या शेतांच्या आणि तळ्यांच्या मुलखातली. बाबा पोस्टमन. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बीएस्सी झाले त्या सुमारास पुण्यात गल्लोगल्ली संगणकाच्या क्लासच्या पाट्या लागत होत्या. एक वर्षाचा कोर्स केला की कंपनीत नोकरी लागते, असं सगळे म्हणत. मी विश्रांतवाडीला मामींकडे राहू लागले. क्लास शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी सातला निघायचं, दोन बस बदलायच्या, दुसरी मार्केट यार्डाच्या थांब्यावर, परत यायला संध्याकाळचे सहा. क्लासमध्ये एकच संडास होता, त्याची किल्ली सरांकडे.

पहिल्याच दिवशी मामींनी बजावलं, "बाहेरच्या संडासात जाऊ नको बरं, नाही नाही ते रोग लागतात. सकाळी पाणीच पिऊ नको, म्हणजे प्रश्नच मिटला."

क्लासमधल्या सगळ्या मुलींच्या घरी हाच नियम होता. डब्याबरोबर बाटली असायची, पण ती भरलेलीच घरी जायची. दिवसभर न जाता राहता येणं हे आम्हाला शहरातलं शहाणपण वाटायचं. "मी तर नऊ तास राहू शकते," एक मैत्रीण अभिमानाने सांगायची.

एके दुपारी मात्र मला राहवेना. ओढणी नाकाला लावून, टाचा उचलून, कोपराने दार ढकलत मी मावशींच्या शौचालयात गेले आणि तशीच बाहेर पळाले.

"ए ताई, हात."

मी हात पुढे केले.

"धुतलं न्हाईस."

"नळाला हात लावायचा नव्हता."

मावशी खो खो हसल्या. "आगं, कडीला लावलास, टमरेलाला लावलास, आन् नळानं काय पाप केलं? आत काय पाटावर बसलीस व्हय? नुस्तं पाय टेकलं. रोग तितनं चढत न्हाय बाई. ह्या बोटांवरनं तोंडात जातो." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "व्हटं बग किती सुकल्यात. पानी घेनार?"

"नको, तहान नाही," मी म्हणाले आणि बस पकडली.

त्यानंतर महिन्याभरात मी तापाने फणफणले. लघवीला आग, कमरेत कळा, अंगाला हुडहुडी. ज्या दिवशी एका मोठ्या कंपनीची लेखी परीक्षा होती, त्या दिवशी मी महापालिकेच्या दवाखान्यात बाकावर पडून होते. तिथल्या डॉक्टरबाई खास पुणेरी होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपण उंट आहात का?"

"नाही."

"मग पाणी प्या. आणि लागली की जा. धरून ठेवायचं बक्षीस कुणी देत नाही, जंतूंचं फावतं फक्त."

गोळ्यांनी मी बरी झाले, पण परीक्षा गेली ती गेली. बाबांचा फोन आला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ बेटा. नाही जमलं तर घरी ये. इथे एक स्थळ आलं आहे, त्यांनाही किती थांबवणार?" फोन ठेवल्यावर मला आमच्या गावचं तळं दिसलं. संध्याकाळचं, शांत, हळूहळू अंधारात मिटत जाणारं. मला ते तळं फार आवडतं. पण मला त्यात परत बुडायचं नव्हतं.

मग मी बाटली भरून न्यायला आणि दिवसभरात संपवायला लागले. त्यामुळे मावशींकडे रोज जाणं आलं. एका महिन्यात त्यांनी मला जे शिकवलं, ते बीएस्सीच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बादलीत टमरेल बुडवायचं नाही, नळाखाली भरून घ्यायचं. वापरायच्या आधी थोडं पाणी ओतायचं, हळू, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. धुताना हात पुढून मागे न्यायचा, उलटा कधीच नाही. "ह्ये पोरींस्नी कुनी सांगत न्हाय," त्या म्हणायच्या. "लाजंपायी सांगत न्हाईत आन् मंग दवाखान्यात नेत्यात." आणि शेवटी साबण. जुन्या नायलॉनच्या मोज्यात साबणाचे तुकडे भरून त्यांनी तो नळाला बांधला होता. साबण खाली पडायला नको, चोरीला जायला नको.

"मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी एकदा विचारलं.

"मी आदी फुलं इकायची हितंच. पहाटं चारला यायची, दुपारी घरी. तवा बायकांसाठी कायबी नव्हतं. माजी थोरली पोरगी संगं असायची. तीबी धरूनच ठेवायची. लई आजारी पडली. वाचली, पन एक किडनी गेली." मग उठून त्यांनी उगीचच आणखी एक बादली पाणी ओतलं. "म्हनून ही जागा मी मागून घेतली. लोकं म्हनली, फुलं सोडून संडासात? म्हनलं, व्हय."

दसरा झाला. दुसऱ्या एका कंपनीच्या लेखी परीक्षेत मी पास झाले आणि मुलाखतीला चारच दिवस उरले. त्या दिवशी सुट्टी असूनही सरांनी दुपारपर्यंत जादा तास घेतला. माझी बाटली बसमध्येच राहिली होती. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. दुपारी मी मावशींकडे गेले तेव्हा ती ओळखीची आग पुन्हा सुरू झाली होती. पुन्हा ताप आला तर सगळं संपलं, हे मला कळत होतं. मी हात धुतले, दाखवले.

"पानी घेनार?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

मी माठाकडे पाहिलं. मागे संडासाचं उघडं दार होतं. माझे हात पुढे झाले आणि मध्येच थांबले. मावशींनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. "ऱ्हाऊ दे. संडासापाशीचं पानी कोन पितंय," असं अगदी हलक्या आवाजात म्हणून त्यांनी झाकण उचललं आणि स्वतःसाठी ओगराळं बुडवलं.

"मावशी, मला द्या," मी म्हणाले.

ते पाणी गार होतं. त्याला मातीचा आणि वाळ्याचा वास होता. मी चार पेले प्यायले. चौथ्या पेल्याला करंजाची सावली हलत होती, बाजारातून झेंडूने भरलेला टेम्पो जात होता आणि मला वाटलं, हे आपण कधीतरी पूर्वीच प्यायलो आहोत.

मुलाखतीच्या सकाळी त्यांनी माझ्या हातात कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी ठेवली. आत साबणाचा तुकडा होता. "तितं आसंल नसंल," त्या म्हणाल्या. तिथे होतं सगळं. गुळगुळीत बेसिन, भिंतभर आरसा, सुगंधी साबण. तरी मी ती डबी काढली आणि त्याच तुकड्याने हात धुतले. दिवसभर बसवून ठेवलं होतं. बाकीच्या मुली सुकलेल्या ओठांनी बसल्या होत्या. मी पाण्याचा पेला भरला तेव्हा शेजारची कुजबुजली, "पितेस? आणि लागली तर?"

"लागली तर जाईन," मी म्हणाले. माझं नाव पुकारलं, तेव्हा माझं डोकं ताजं होतं.

नोकरी लागली. प्रशिक्षणासाठी तिसऱ्या दिवशी बंगळूरला निघायचं होतं. मी पेढे घेऊन गेले तर स्टूल रिकामं होतं. मावशी लेकीला तपासायला घेऊन गेल्या होत्या. गाडीची वेळ झाली म्हणून पेढे शेजारच्या हारवाल्या काकूंकडे ठेवले.

बंगळूरहून पत्र लिहायला बसले आणि पत्त्याशी अडले. काकूंच्या दुकानाचा पत्ता घालावा का, असं बाबांना फोन करून विचारलं. बाबांनी पस्तीस वर्षं पत्रं वाटली होती. ते म्हणाले, "ती जिथे बसते, तिथलाच पत्ता लिही. त्यात लपवायचं काय आहे?" मग मी पाकिटावर स्पष्ट अक्षरांत लिहिलं: हौसाबाई, महिला शौचालय, बसथांब्यामागे, मार्केट यार्ड, पुणे. पत्र हे होतं:

आदरणीय हौसामावशी,

हे पत्र हारवाल्या काकू तुम्हाला वाचून दाखवतील. काकू, कृपा करून एकही ओळ गाळू नका.

मी इथे सुखरूप आहे. रोज भरपूर पाणी पिते. आमच्या मजल्यावर सफाईला येणाऱ्या ताईंचं नाव मंजुळा आहे. सोबतच्या मुलींना मी हात दाखवायला लावते, त्या मला हसतात, पण दाखवतात.

एक गोष्ट समोर सांगायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी माठापाशी माझे हात थांबले, ते तुम्ही पाहिलंत. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी काढू देत नसत. कुणीतरी वरून ओतायचं आणि त्यांनी ओंजळीत झेलायचं. ही गोष्ट ऐकत मी मोठी झाले. आमच्या घरात ती पुन्हा घडू नये म्हणून त्यांनी मला शिकवलं. आणि शिकलेली मी, एका बाईच्या हातचं पाणी घ्यायला थबकले, का, तर ती कुठे बसते म्हणून. तुम्ही रागावला नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं.

मावशी, मला माफ करा.

उन्हाळ्यात सुट्टी काढून मी येते आहे. आधी हात धुऊन तुम्हाला दाखवीन. मग तुम्ही विचारायच्या आधीच पाणी मागेन.

तुमची,
सुजाता