आधी डाक्तरला दाखवा

बिरवाडीची मंडळी वरंधला मैनाला बघायला आली, ती उपकार करायला आल्यासारखी. मुलगा दत्ताराम बिजवर, मुंबईत गिरणीत कामाला. बरोबर त्याचा मामा हैबती आणि आत्या रंगूबाई. मुलीचं वय उलटलेलं, त्यात महाडच्या दवाखान्यातली नर्स, परक्या पुरुषांची अंगं पुसणारी. तेव्हा ताठा आपणच दाखवायचा, असं ठरवूनच तिघं ओटीवर बसली होती.

मैना चहा घेऊन आली. मान खाली घालायची रीत तिला ठाऊक होती, पण सवय गेली होती. मुंबईच्या इस्पितळात शिकत असताना एक भाजलेली पोर तिच्या हातात गेली आणि पुढे कित्येक दिवस मैनाच्या घशाखाली घास उतरेना. तिथली मोठी नर्स म्हणाली, "रडणारी बाई इथं उपयोगाची नाही." मैनाने रडणं सोडलं आणि तुच्छता धरली. कण्हणारा तो नाटकी, घाबरणारा तो भागूबाई. दया दुपारपर्यंत आटते, तुच्छता रात्रपाळीलाही पुरते, हे तिला कळलं होतं.

आताही तिने तिघांना एका नजरेत तपासलं. आत्या पांढरीफटक, दोन पायऱ्या चढून धापा टाकणारी. मामा एका कुल्ल्यावर कलून बसलेला. नवरदेवाचे डोळे पिवळट आणि बशी धरताना बोटांना थरथर. हातभट्टीची, तिने मनात नोंदवलं.

"बापयांना पन आंघोळ घालतेस म्हनं?" आत्याने नाक मुरडलं.

"घालते की. धुतल्यावर समदे सारखेच निघतात."

मैनाची आई साळूबाई हिने कपाळाला हात लावला.

"लगीन झालं की सर्विस बंद," दत्ताराम म्हणाला. "आपल्याला घरात फिनेलचा वास नाय पायजे."

"आमच्या घरान्यात असली कामं चालत नाय," मामाने री ओढली.

थोड्या वेळाने मैना मागीलदारी कपबशा धूत होती, तर घराण्याचा हा अभिमानी हळूच तिथे आला. इकडे-तिकडे बघून पुटपुटला, "बाय, तुला कळतं म्हनून इचारतो. बसायला लय तरास होतो. रगत पडतं."

"नर्सचा हात लागंल मामा. चालंल तुमच्या घरान्यात?"

"हितं कोन बघतंय?"

"मग सोमवारी दवाखान्यात या. तिथं समदे बघतील."

मंडळींचा होकार आला, नोकरी सोडण्याच्या अटीवर. मैनाने उलट निरोप धाडला, "मुलाला आधी डाक्तरला दाखवा, मग मुली दाखवा."

साळूबाई ओरडली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तुझा बाप गेला तेवा तू नाडी धरून बसलीस गो. हात धरला नायस. तुला मानूस दिसतच नाय, निस्ता आजार दिसतो."

"आजार दिसतो म्हनून मानसं वाचतात, आये," मैना फणकारली. पण ते बोलणं कुसळासारखं रुतलं.

सोमवारी महाडला एस.टी.तून उतरल्यावर तिने बाजारातून जाताना हट्टाने माणसं बघायला घेतली. चिंचा विकणारीचा गळा गलगंडाचा. हमालाचा पाय हत्तीरोगाचा. हसणारं पोर खरजेचं. वैतागून तिने आईचा चेहरा आठवून पाहिला. डाव्या डोळ्यात पडू लागलेला मोतीबिंदू आठवला, सुजलेली बोटं आठवली. चेहरा काही डोळ्यांपुढे येईना. भर बाजारात मैना घाबरली, आणि घाबरलेल्या स्वतःला हाक मारायला तिच्याजवळ 'भागूबाई'शिवाय शब्द नव्हता.

त्या दिवशी हैबतीमामा आले होते, डोक्यावरून उपरणं ओढून. मैनाने खणखणीत आवाजात त्यांचं गाव, नाव आणि दुखणं पुकारलं. रांग हसली. तिला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं दिवसभर वाईट वाटलं.

पुढे तिने लग्न केलं नाही. आईला महाडला आणलं, डोळ्यातला मोतीबिंदू काढून घेतला. दोघी एका खोलीत राहिल्या आणि रोज भांडल्या. भांडताना मैना मुद्दाम आईच्या तोंडाकडे बघत राही. नर्सबाईंना माया नाही, असं गाव म्हणे. जो म्हणे, त्याच्यासाठी ती जरा बोथट सुई निवडी.