अलिंदात खुर्ची नको

आमच्या अंधेरीच्या टॉवरला एट्रियम आहे. म्हणजे दारातून आत आल्याबरोबर तीन मजले उंच पोकळी, आरशासारखी फरशी आणि दर दहा मिनिटांनी असा काही सुवास थुंकणारं यंत्र, की झुरळांनीही सोसायटीला राजीनामा दिलाय. मला तर आत पाऊल टाकलं की मळमळतं. कुंड्यांत प्लास्टिकची झाडं. त्यांनाही मळमळत असणार, पण पळतील कुठं?

बाबांनी जन्मभर मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. जेवताना घास अडवून विचारायचे, "हृदयाच्या एट्रियमला मराठीत अलिंद. अलिंद म्हणजे काय रे? दारापुढचा ओटा! हृदयात आलेलं रक्त आधी तिथं टेकतं, मग पुढं जातं. आल्यागेल्याला टेकू देत नाही, तो अलिंद कसला?" आता त्यांचंच डावं अलिंद फुगलंय. डॉक्टरांनी बजावलंय, दम लागला की लगेच बसवा. गेटपासून लिफ्टपर्यंत त्यांना दोनदा बसावं लागतं, आणि त्या मैदानात एक खुर्ची नाही.

मी घरची ठेवली. संध्याकाळी गायब. दुसरी ठेवली, तीही गायब. सातवीला सेक्रेटरी स्वतः बाबांकडे आला.

"काका, समजून घ्या ना. खुर्ची दिसली की दवाखाना वाटतो. फ्लॅटचा भाव पडतो."

"आणि मी पडलो तर?" बाबांनी विचारलं.

"वॉचमन आहे ना, उचलेल."

एके दिवशी बाबा फिरून वेळेत परतले नाहीत. मी धावत खाली गेलो. एट्रियम रिकामं. सापडले ते मागच्या बाजूला, कचऱ्याच्या लिफ्टपाशी. फुटके ड्रम, कुणाच्यातरी बोंबलांचं पाणी, वापरलेले डायपर, आणि मधोमध वॉचमनच्या स्टुलावर बाबा. झाडूवाल्या मावशी पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

"इथं? शी! चला वर."

"थांब रे, दम जाऊ दे. मावशी, जरा बादली सरकवा, ह्यालाही टेकू दे."

मावशींनी बादली उपडी करून दिली. मी नाक दाबून बसलो. सोसायटीच्या सभेत एट्रियमचा नकाशा मंजूर झाला तेव्हा मीही हात वर केला होता. डायपरपेक्षा त्या हाताची जास्त किळस आली.

उठताना बाबांनी मावशींना फक्त एवढंच विचारलं, मागचं गेट सकाळी किती वाजता उघडतं.